अधिसभेचे बेपत्ता सदस्य

सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. बेपत्ता सरांचं प्रकरण मात्र आजही जसंच्या तसं आठवतं.

तेव्हा मी बदनापूरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी पुण्याहून एक बाई थेट ठाण्यात आल्या. त्यांचे वडील बदनापूरला राहणारे निवृत्त प्राध्यापक, आई वारलेली, घरी ते एकटेच. फोन बंद आणि शेजारी सांगत होते, दाराला कुलूप.

हे सर विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, पदवीधरांमधून निवडून आले होते. विद्यापीठाचा कारभार व्यवस्थापन परिषद पाहते. तिचे काही सदस्य पदामुळे असतात, काही नेमले जातात, तर काहींना अधिसभा आपल्यातूनच मतदानानं निवडते. ते मतदान परवावर आलं होतं आणि दोन पॅनलमधली लढत चुरशीची होती. त्यातल्या एका पॅनलच्या माणसानं बाईंना फोन केला होता, “समोरच्या पॅनलनं तुमच्या वडिलांना पळवलंय.”

बेपत्ता झाल्याची नोंद, आमच्या भाषेत मिसिंग, दाखल करून घेतली आणि बाईंकडच्या किल्लीनं घर उघडून पाहिलं. उचकपाचक नव्हती. रोजच्या गोळ्या आणि दाढीचं सामान मात्र जागेवर नव्हतं. जबरदस्तीनं नेलेला माणूस सहसा गोळ्या आठवणीनं घेत नाही. तरी संशय जाईना, कारण धाक दाखवूनही कोणाला बॅग भरायला लावता येते.

ओळखीच्या लोकांना कानोसा घ्यायला सांगून ठेवलं होतं. दुपारी अंकुशनगरहून त्यातल्याच एका आचाऱ्याचा फोन आला. “साहेब, इथं शेतातल्या एका बंगल्यावर सैपाक करून राह्यलो. विद्यापीठाची माणसं हायत. एक म्हातारे सर हायत त्यात, बदनापूरचे म्हणं.”

ज्यांच्यावर पळवल्याचा आरोप होता, त्या पॅनलच्या एका कार्यकर्त्याला मी ठाण्यात बोलावलं. आधी त्याला काहीच ठाऊक नव्हतं. बंगल्याचं नाव काढताच तो वरमला.

“साहेब, सर बिलकुल खुशीनं आल्ते. आमची गाडी जायच्या आधीच ओट्यावर बॅग घेऊन बसले व्हते.”

माझा विश्वास बसला नाही. तिकडच्या ठाण्याला कळवून आम्ही निघालो. बाईही सोबत होत्या.

बंगल्याच्या व्हरांड्यात चौघे पत्ते खेळत होते. त्यांतच सर होते, कशावर तरी मोठ्यानं हसत. बाई फाटकातच थांबल्या.

मी सरांना बाकीच्यांपासून दूर, कडुलिंबाखाली नेलं.

“सर, इथं कोणी ऐकत नाही. धमकी दिली का?”

“न्हाई हो. मी आपणहून आलो.”

“मग फोन का बंद?”

“त्यांनी बंद करा म्हणलं, केला. तसाबी चालू असला तरी वाजतो कुठं?”

“त्यांना तुमचं मत पाहिजे, एवढंच. हे कळतंय ना?”

“कळतं ना, साहेब. मत गुप्त असतं, ते मी माझ्या मनानंच देणार. पण इथं सकाळी उठलं की कोणीतरी विचारतं, सर, झोप लागली का बराबर? पोरीची आई गेल्यापासून हे कोणी विचारलं न्हाई.”

बाई मागे येऊन उभ्या होत्या, हे त्यांना दिसलं नव्हतं.

“बाबा, चला माझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या.

“येईन ना. मतदान होऊ दे.”

सज्ञान माणूस, स्वखुशीनं आलेला. जबाब घेतला आणि ‘मिळून आले’ अशी नोंद करून मिसिंग बंद केली.

मतदान पार पडलं. त्या पॅनलचा उमेदवार व्यवस्थापन परिषदेवर गेला. पुढं काही आठवड्यांनी सर ठाण्यात आले.

“साहेब, माझ्या प्रकरणात काही चौकशी राहिली का?”

“पॅनलवाले भेटतात का, सर?”

“ते कामात असतात. पुढची निवडणूक लांब हाय अजून.”

“आणि पुणं?”

“चार दिवस राहून आलो. ती नोकरीवर, नातवंडं शाळेत. तिथंबी मंग मी अन् भिंती.”

फाईल केव्हाच बंद झाली होती. तरी मी म्हणालो, “एकदोन मुद्दे राहिलेत, बसा.” चहा सांगितला. ते बराच वेळ बोलत राहिले आणि मी कागदावर काहीबाही लिहीत राहिलो. माझी बदली होईपर्यंत ते असे येत राहिले.

बेपत्ता माणसाच्या नातेवाइकांना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, “शेवटचं कधी दिसले?” या प्रकरणानंतर मी त्याला आणखी एक जोडला, “त्यांच्याशी शेवटचं निवांत कधी बोललात?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक लगेच देत. दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण खाली बघत.