पुढच्या दोन चाकांवर मुलाखतीला

मी बोलायला लागले की कोणाच्या बापाला आवरत नाही, असं आज घरचे सगळे म्हणतात. पण बी.एस्सी. झाल्यावरच्या दोन वर्षांत मी तीन शाळांत मुलाखती दिल्या आणि तिन्ही ठिकाणी माझी दातखीळ बसली. उत्तरं येत होती, तोंडातून निघत नव्हती. टेबलामागे चार माणसं ओळीनं बसली की मी पदराला पीळ देत बसायचे. चौथ्या शाळेचं बोलावणं आलं तेव्हा आईनं स्वच्छ सांगितलं, "हे शेवटचं. नाही झालं तं भंडाऱ्याच्या पोराले हो म्हणायचं." पोरगा वाईट नव्हता, पण मला पाहायला आला तेव्हा पाऊण तास नुसता स्वतःच्या स्कूटरबद्दल बोलला होता. जन्मभर ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही कन्हानला राहायचो. बाबा एका कोळसा ठेकेदाराची जीप चालवायचे. मिलिटरीनं विकायला काढलेली डिस्पोजलची जीप, दारं नाहीत, ताडपत्री फाटलेली. शाळा धरमपेठच्या पलीकडे होती आणि मुलाखत अकराला. बाबांनी मालकाकडून त्या दिवसापुरती जीप मागून घेतली. "बसमध्ये चेंगरून जाशीन तं चेहरा उतरून जाईन तुया," म्हणाले.

मला बस चालली असती. आता खोटं कशाला सांगू, त्या काळ्याकुट्ट जीपमधून शाळेच्या दारात उतरायची मला लाज वाटत होती. मला अलीकडच्या चौकातच उतरवायचं, असं मी बाबांकडून कबूल करून घेतलं. ते हो म्हणाले, पण काहून ते विचारलं नाही.

आठला निघालो. नदीचा पूल ओलांडून कामठीच्या अलीकडे आलो आणि गाडीखालून खाड खाड आवाज यायला लागला. बाबांनी जीप कडेला घेतली, खाली सरपटत गेले आणि तिथूनच म्हणाले, "मागच्या शाफ्टचा जॉइंट गेला." इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब लोखंडी दांडा, तो शाफ्ट. जीपला तसाच एक दांडा पुढच्या चाकांसाठीही असतो. तो फक्त चिखलात, रेतीत लागतो. गिअरजवळची एक लहान दांडी टाकली की पुढची चाकंही ओढायला लागतात.

"आता काय करायचं?" मी रडकुंडीला आले होते.

"काय करायचं म्हणजे? मागचा काढून टाकतो. लहान दांडी टाकली की पुढची चाकं नेतीन."

"नुसत्या पुढच्या चाकांवर?"

"बैल काय मागून ढकलते काय वं? पुढूनच ओढते ना?"

पाने-पक्कड घेऊन ते तासभर खाली पडून होते. काढलेला शाफ्ट त्यांनी मागच्या बाकाखाली सरकवला, चिंधीला हात पुसले आणि निघालो. जीप खरंच चालली. स्टिअरिंग जड झालं होतं, बाबांच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या, पण चालली. मला एकदम हसूच आलं, बाबाही हसले. "पाह्य, बैलगाडी झाली," म्हणाले.

आता माझा पराक्रम ऐका. बाबांचा एक नियम होता, चिखलातून डांबरी रस्त्यावर आलं की लहान दांडी ताबडतोब काढायची. चारही चाकं ओढत असताना कोरड्या डांबरावर वळणं घेतली तर शाफ्टवर ताण येतो. ते एकटेच असले तर स्वतः काढायचे, मी बाजूला असले की ते काम माझं. इतकी सवय, की हात आपोआप जायचा. पुढे रेल्वेच्या फाटकाशी थांबलो होतो. बाबा बाजूच्या ट्रकवाल्याशी बोलत होते. माझं लक्ष दांडीकडे गेलं. डांबरावर आहोत आणि दांडी टाकलेली! मी शहाण्यासारखी ती काढून टाकली.

फाटक उघडलं. बाबांनी गिअर टाकला, क्लच सोडला, इंजिन बोंबललं आणि जीप जागची हलेना. मागे ट्रकांचे भोंगे सुरू झाले. पुढचा शाफ्टही गेला असं वाटून बाबा बिचारे पुन्हा गाडीखाली शिरले. मी देवाला हाका मारत होते. दहा मिनिटांनी काळे होऊन वर आले तेव्हा त्यांची नजर दांडीवर गेली, मग माझ्यावर.

"तू काढली?"

"तुम्हीच तर सांगता, डांबरावर..."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "माह्याच शिकवणीनं मेलो मी." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

धरमपेठेत पोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. चौकात थांबायला वेळच नव्हता. शाळा टेकाडावर, फाटकापासून पोर्चपर्यंत मुरमाचा खडा चढ. अर्ध्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मुरूम उडाला, जीप थांबली. "मी पायी जाते," मी म्हटलं. "बस चूप," म्हणून बाबांनी जीप फाटकापर्यंत खाली घेतली, वळवली आणि रिव्हर्समध्ये तोच चढ चढवला. सरसर वर गेली. वऱ्हांड्यात मुलाखत घेणारी मंडळी उभी राहून पाहत होती आणि मी त्यांच्यापुढे पाठमोरी हजर झाले.

मी इतकी चिडले होते की बाबांकडे न बघता उडी मारून तरातरा आत गेले.

टेबलामागे मोठ्या बाई, आणखी दोघं आणि एक निवृत्त विज्ञान शिक्षक होते. गुरुजींनी नाव विचारण्याआधीच हसत विचारलं, "काय हो, उलट्या का आलात?"

"उलटी नाही आले, सर. विचार करून आले," मी फाडकन म्हटलं. आणि पहिलं वाक्य निघाल्यावर पुढची थांबेनात. मी खडू घेतला, फळ्यावर चढ काढला, जीप काढली. चढावर भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात, म्हणून घसरतात. गाडी फिरवली की ओढणारी चाकं उताराकडे येतात आणि भार त्यांच्यावर पडतो. गुरुजी म्हणाले, इंजिनाचं वजन तर पुढेच असतं की. मी म्हटलं, म्हणूनच सपाटीवर आलो, सर, चढावर ते वजन पुरत नाही. त्यांनी वाद घातला, मीही घातला. मग डांबर आणि लहान दांडी झाली, वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात आणि मागची लहान, हेही झालं. रेल्वे फाटकावरची फजिती सांगितली तेव्हा मोठ्या बाई डोळे पुसत हसल्या. पाऊण तासानं त्या म्हणाल्या, "सोमवारपासून या."

मी धावत बाहेर आले. बाबा जीपमध्येच बसून होते. घामानं निथळत होते. तोंड उताराकडे आणि उजवा पाय ब्रेकवर ताठ.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या जीपचा हँडब्रेक नावापुरता होता आणि जुनं इंजिन नुसत्या गिअरवर उतारावर गाडी धरायचं नाही. आमची पद्धत अशी, की गाडी थांबली की बाजूला बसलेल्यानं उतरून चाकाखाली दगड लावायचा, मगच ड्रायव्हरनं पाय काढायचा. मी रागाच्या भरात तशीच आत गेले होते. खाली फाटकातून मुली सायकली घेऊन येत होत्या.

"हाक काहून नाही मारली, बाबा? मुलाखतीच्या खोलीची खिडकी तर इथंच आहे."

"कशी मारू?" ते म्हणाले. "तू बोलून राहिली होती. मले सगळं ऐकू येत होतं."

मला रडू फुटलं. कुंपणाजवळून एक मोठा दगड आणला, चाकाखाली घट्ट बसवला आणि सांगितलं, काढा आता पाय. बाबांनी जोर लावला, पण पाय उचलेना. मग मी खाली वाकले आणि दोन्ही हातांनी त्यांचा पाय ब्रेकवरून काढला.