तळाचं पाणी

वाळवंटातल्या पोस्टिंगवर मी तीन उन्हाळे काढले. त्यामुळं अणदुरातून कुणी आखातात कामाला निघाला, की त्याला आधी माझ्याकडं धाडतात. जणू वाळवंटाची पाटीलकी माझ्याकडंच आहे. परवा मात्र बोलावणं बेंबळीहून आलं, नाईक महादेवच्या घरून.

महादेव फौजेत माझ्याच सेक्शनचा. राजस्थानच्या सीमेवर, जूनच्या उन्हात गेला. त्याला गावी घेऊन मीच आलो होतो. आता त्याचा जावई ट्युनिशियात सोलर प्रकल्पावर आहे. मुलगी सुनीता नवऱ्याला भेटायला निघालीय आणि आईलाही, म्हणजे वहिनींनाही, नेतेय. बेतात एक दिवस सहाराचा आहे.

"आईचाच हट्ट, काका," सुनीता म्हणाली. "म्हणती, माझा माणूस वाळूत गेला, ती वाळू कसली असती ते बघू दे."

मी फौजी शिस्तीत सुरुवात केली. सुती कपडे, पूर्ण बाह्या, डोक्याला पंचा. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालायचं नाही. वहिनी नीट ऐकत होत्या. पाण्यावर आलो तेव्हा हसल्या.

"पान्याचं मला नका शिकवू, भावजी. टँकरच्या गावात उमर गेली माझी. एक बाटली दिसभर पुरवते मी. त्यांना तर तेवढंबी मिळालं न्हाय."

भिंतीवर महादेवचा फोटो होता, खाली भरलेला तांब्या. तो रोज भरला जातो, कारण माणूस पाण्यावाचून गेला असं घरानं धरलं होतं. कागदावर फक्त 'उष्माघात' लिहिलेलं. मी गप्प बसलो असतो तर तांब्या भरत राहिला असता. पण ही बाई सहारात एक बाटली दिवसभर पुरवणार होती. मला भीती वाटली. मी सांगून टाकलं.

त्या दिवशी पायी गस्त होती. वायरलेस माझ्या पाठीवर. ठरल्या वेळी हवालदार ओरडायचे, "पाणी!" मग तहान असो-नसो, प्यायचं. तसा हुकूमच होता. महादेव रांगेत सगळ्यात मागं. दुपारी तो भलतंच बडबडायला लागला आणि कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं. मी सेट उघडला.

"एक जवान बेशुद्ध. गाडी पाठवा. ओव्हर."

"पाणी संपलं का? ओव्हर," चौकीवरून विचारलं.

हवालदारांनी महादेवच्या कमरेची बाटली काढली, हलवली आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

"पाणी आहे," मी म्हणालो. "ओव्हर."

बाटली जवळजवळ भरलेली होती. दर वेळी त्यानं नुसते ओठ ओले केले असणार. ते पाणी आम्ही त्याच्या अंगावर ओतलं, तोंडावर वारा घातला. गाडी आली, तोवर तो राहिला नव्हता.

"वहिनी, तिथं पाणी बाटलीत जपायचं नाही, पोटात जपायचं," मी म्हणालो.

वहिनींनी फोटोकडं बघितलं.

"आमच्या सासूबाईंची शिकवण हाय ती. घागर तळापातुर रिकामी करू न्हाय, मागून येनाऱ्याला घोटभर ठेवावं." मग माझ्याकडं वळल्या. "पर भावजी, ते तर सगळ्यात मागं व्हते म्हनता न्हवं?"

"व्हय."

"मग कुनासाठी ठेवलं वो?"

सुनीता रडत होती.

वहिनी उठल्या. फोटोखालचा तांब्या उचलला आणि उभ्यानंच, मधे न थांबता, तळ दिसेपर्यंत प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं.

"सुनीता, माझ्यासाठी बाटल्या जास्तीच्या घे," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाच्या वाटणीचं बी मीच पिऊन येते."