चंपतरावांनी उघडा ठेवलेला रकाना

धंतोलीतल्या एका इस्पितळात चंपतराव नोंदणी विभागात होते, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे चहावाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणाची सोयरीक मोडली, कोण नोकरी सोडतोय, सगळी बित्तंबातमी ते बेसा भागातल्या आपल्या घरी पोचायच्या आत अर्ध्या नागपुरात पोचलेली असे. इस्पितळाने रुग्णांच्या माहितीचं विश्लेषण करणारी नवी यंत्रणा घेतली आणि कोणती माहिती किती गुप्त हे ठरवायचं काम नेमकं ह्याच गृहस्थांना दिलं, तेव्हा त्यांची बायको इंदूबाई पोट धरून हसली. "मांजरीले दुधाची राखण देल्ली वं माय!"

चंपतरावांनी मात्र काम मनावर घेतलं. प्रत्येक रकान्याला लेबल लावायचं: खुला, अंतर्गत, गोपनीय, अतिगोपनीय. पुढचं यंत्रणा आपोआप करी. गोपनीय रकाना परवानगीशिवाय दिसायचाच नाही, डाउनलोडही व्हायचा नाही, आणि तो ज्या अहवालात जाई त्यालाही तेच लेबल चिकटे. खुल्या रकान्यांचा अहवाल मात्र ठरलेल्या दिवशी थेट गावोगाव आरोग्य शिबिरं घेणाऱ्या लोकांच्या मेलवर. "लेबल चुकलं ना चंपतराव, तर यंत्रणा ती चूक रोज इमानेइतबारे करत राहील," असं प्रियदर्शनी मॅडमनी, म्हणजे त्यांच्या साहेबीणबाईंनी, बजावलं होतं.

नाव, फोन, आधार हे सगळं अतिगोपनीय. मग आलं गाव. चंपतरावांना हसू आलं. आपल्याकडे माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग पाणी. गाव सांगायला कोण लाजतं? त्यांनी बिनधास्त 'खुला' ठोकलं. उपचाराचा विभागही खुला. नावच नाही म्हटल्यावर काय बिघडतं?

पोळ्याच्या सुमारास जनाबाई आली. उमरेडकडच्या एका लहानशा गावची, घरचा हातमाग बंद पडल्यावर शिवणकाम करणारी बाई. ती टेबलासमोर उभीच राहिली.

"माह्यं नाव काढून टाका, भाऊ. मी आता दवा घ्याले येत नाही."

"काहून, बाई?"

"गावात तुमचं शिबिर झालं न. पंचायतीच्या भिंतीवर कागद लावला, कोणत्या गावचे किती लोक कुठी दाखवतेत थो."

"पर त्याच्यात नाव नसते कोणाचं! मीनंच झाकलं आहे."

"नाव कायले पाह्यजे? आमच्या गावासमोर लिवलं व्हतं, मानसोपचार, एक. अन् दर महिन्याले धंतोलीले कोण येते? मी एकटी. गुडघे दुखतेत म्हून सांगत व्हती मी. आता सून नातवाले माह्यापाशी ठेवत नाही. आत्ता कुठी झोप लागून राहिली व्हती मले."

चंपतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक माही आहे, बाई," ते म्हणाले. "पुढचं मी झाकतो. मागचं झाकता येत नाही. पर दवा सोडू नका." ती निघून गेली.

त्याच दुपारी त्यांनी गावाला आणि विभागाला 'गोपनीय' लावलं. मॅडमकडून आणखी एक नियम घालून घेतला, की अहवालात आकडा लहान असला तर तिथे फक्त 'पाचपेक्षा कमी' असंच दिसावं. शिबिरवाल्यांनी थयथयाट केला, संचालकांनी बोलावून झापलं, पण चंपतराव हटले नाहीत. उलट गाव पाहायची स्वतःची परवानगीही त्यांनी मॅडमना काढायला लावली. आपला स्वभाव त्यांना पक्का माहीत होता.

महिना उलटला. जनाबाईच्या यायच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल उघडला. गावं सगळी गायब. सगळ्या उमरेड तालुक्याचा मिळून मानसोपचाराचा एकच आकडा उरला होता, तोही 'पाचपेक्षा कमी'. कालचे कागद चाळून ती आली की नाही हे काढता आलं असतं, मानसोपचाराच्या नर्सला नुसतं विचारता आलं असतं. ते जिन्यापर्यंत गेलेही. पण तिथे तिचं नाव उच्चारायचं म्हणजे रांगेतल्या दहा जणांना सांगायचं. ते परत फिरले आणि डबा उघडून बसले.

पाचपेक्षा कमी. त्यात जनाबाई असेल, नाहीतर नसेलही. चंपतरावांनी न खाताच डबा बंद केला.