विजयमालाबाईंचं रडणं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिद्रामप्पांची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको विजयमालाबाई राहतात. बाई लग्नांत मंगलाष्टकं म्हणतात. माहेर सीमेवरच्या दुधनीचं, त्यामुळे वऱ्हाड अक्कलकोटकडचं असलं तर कानडीतही म्हणतात. माझ्या लग्नात त्यांनीच म्हटली होती.

मध्यंतरी होटगी रोडवर त्या स्कूटरच्या मागे बसल्या असताना समोर कुत्रं आलं. सिद्रामप्पांनी ब्रेक दाबला आणि बाई डोक्यावर पडल्या. मेंदूत थोडा रक्तस्राव झाला होता, पण ऑपरेशन लागलं नाही. घरी आल्या, हळूहळू चालू-फिरू लागल्या. आवाज तर जसाच्या तसा होता. बाई यातून सुटल्या, असं आम्ही सगळेच म्हणालो.

मग एके दिवशी कोथिंबिरीची जुडी हातात घेताना त्यांना हुंदका फुटला. भाजीवाली घाबरली. तिला वाटलं, भाव जास्त सांगितला म्हणून. बाई मान हलवून "तसं नाही गं" म्हणत होत्या आणि रडत होत्या. पुढे हे कुठेही व्हायला लागलं. सिद्रामप्पा विचारायचे, "काय दुखतंय का? कुणी काय बोललं का?"

"काही नाही हो. मी आत अगदी बरी आहे. डोळेच रडतायत."

हे त्यांनी मलाही सांगितलं, आणि मला ते काही केल्या समजेना. दुःख नाही तर रडू कुठून येतं? त्यांनाही तोच प्रश्न होता. एकदा रडता रडताच त्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "दुसऱ्याच बाईकडं बघितल्यासारखं वाटलं. ती लई रडत होती, आणि मला तिची कीव येत होती."

लग्नांत मात्र उलटंच झालं. मंगलाष्टकं म्हणताना त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं, की मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. बाई किती मनापासून म्हणतात, असं जो तो बोलायला लागला. बोलावणी वाढली. बाईंना याचं हसू यायचं, खरंखुरं हसू. "मनापासून म्हणत होते तेव्हा कुणाला दिसलं नाही की," असं त्या म्हणायच्या.

मग शेजारचे चनमल्लप्पा वारले. बाई माझ्याबरोबर भेटायला गेल्या. खाली बसल्या, त्यांच्या बायकोचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं हसायला लागल्या. तोंडावर पदर दाबला तरी हसू थांबेना. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. जिन्यात त्या हसत होत्या आणि मला म्हणत होत्या, "आत जाऊन सांग त्यांना, हे मी करत नाही म्हणून सांग." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पा त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही बरोबर होते. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे वेड नाही, आणि नुसतं मनाला लावून घेणंही नाही. मेंदूला मार लागला की काहींचा हसण्यारडण्यावरचा ताबा सुटतो. यावर गोळी आहे. ती जखम भरून काढणार नाही, पण हे झटके कमी करेल."

"आणि खरं रडू आलं तर?" बाईंनी विचारलं. "तेपण बंद होणार का?"

"होऊ नये. पण तुम्हीच लक्ष ठेवा आणि मला सांगा."

पहिल्या गोळीनं रडू कमी झालं, पण तोंडाला कोरड पडायला लागली. 'शुभमंगल' म्हणताना जीभ टाळूला चिकटायची. डॉक्टरबाईंनी ती बंद करून दुसरी दिली. तिनं काही दिवस मळमळलं, मग तेही थांबलं. दोनतीन आठवड्यांत बाई भाजी घेऊन कोरड्या डोळ्यांनी घरी यायला लागल्या.

पुढच्याच महिन्यात एका नवऱ्या मुलीची आई गिरणीवर आली. म्हणाली, "मागं माझ्या पुतणीच्या लग्नात तुमी जशा रडलात ना, तसंच आमच्या ऋतुजाच्या लग्नात झालं पायजे."

बाईंनी हो म्हटलं. आणि कुणाला न सांगता लग्नाच्या आधी काही दिवस गोळी सोडली. मला नंतर म्हणाल्या, त्या बाईचा मान राखायचा होता हे खरं, पण त्याहून जास्त त्यांना बघायचं होतं, की ती रडणारी बाई अजून आत आहे का.

लग्नाच्या सकाळी त्यांना गरगरत होतं. अंतरपाट धरला, बाईंनी सूर लावला. दुसऱ्या कडव्यालाच त्या हसायला लागल्या. नवरदेवानं अंतरपाटावरून डोकावून पाहिलं. भटजींनी पुढचं कडवं घाईनं स्वतःच उचललं. बाई माईक तिथंच ठेवून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "ही गोळी अशी एकदम सोडायची नसते," एवढंच म्हणाल्या. "कमी करायची वेळ आली की आपण मिळून करू."

त्या लग्नघरी बाई स्वतः जाऊन आल्या आणि काय झालं ते सांगितलं. नवऱ्या मुलीच्या आईनं चहा दिला, पण फारसं बोलली नाही. पुढे बोलावणी थोडी घटली. "आता पहिल्यासारखं म्हणत नाहीत," असंही कुणीकुणी म्हणे. मला तर आवाज जास्त मोकळा वाटायचा.

गेल्या वर्षी दुधनीला त्यांचा भाऊ गुरुराज गेला. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याचा देह अंगणात बसवलेला होता. बाई जवळ गेल्या, त्याच्या कपाळावरची विभूती नीट केली आणि रडायला लागल्या. सिद्रामप्पा घाबरले. पिशवीत गोळ्या शोधत मला म्हणाले, "सकाळची राहिली काय की."

बाईंनी ते ऐकलं. मान न वळवताच म्हणाल्या, "घेतलीय हो सकाळी. असू द्या, हे माझंच आहे."

मग त्या बराच वेळ रडल्या. थांबल्यावर भावजयीला पाणी दिलं, स्वतः प्यायल्या. परतीच्या गाडीत अक्कलकोट मागे पडल्यावर मला हळूच म्हणाल्या, "डॉक्टरबाईंना सांगायला पायजे. त्यांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं."