मधल्या तीन तारा

रविवारची उपासना, मग मटण, मग झोप. हा क्रम देवानेच लावून दिलाय असं आई मानते. पंखा तीनवर आहे. डोळे मिटतायत. कोपऱ्यातल्या गिटारवर कॅपो तसाच आहे, चौथ्या फ्रेटवर. सहाही तारा एकदम दाबून आवाज वर चढवणारा हा चिमटा आठ महिने कुणी काढलेला नाही. ती रूथताईची पट्टी. ताई गेली, पट्टी राहिली. पुढच्या रविवारी चर्चमध्ये तिचं गाणं मी एकट्याने म्हणायचंय, आणि त्या पट्टीत माझा आवाज शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा येतो.

"सरक," ताई म्हणते.

मी सरकतो. पलंग नाहीये, चर्चचं बाक आहे. बाकावर लोक नंबर लावून बसलेत, प्रत्येकाचा एक गाल सुजलेला. ताई दातांच्या दवाखान्यात कामाला होती, त्यामुळे मला यात काही वावगं वाटत नाही.

"मेल्यावरपण ड्यूटी?"

"सुट्टी शिल्लक नव्हती. पुढचा कोण?"

पुढची माझी गिटार आहे. ती दातांच्या खुर्चीत आडवी पडलीये, वर दिवा. ताई मास्क लावते, तारांवरून बोट फिरवते.

"काय अवस्था केलीस रे हिची. वाजवून झालं की कॅपो काढायचा, किती वेळा सांगितलंय."

"काढला तर तुझी पट्टी जाईल."

"मग गाऊन दाखव त्यात."

मी गातो. सुजलेले सगळे गाल माझ्याकडे सहानुभूतीने बघतात.

"दान्या, तुला खाली गायचं होतं तर बोलायचं ना."

"कुणाशी?"

ती गिटारवर वाकते. कॅपो काढते, दिव्याखाली धरते आणि ब्लेडने त्याच्या रबराची दोन्ही टोकं कापायला लागते.

"ताई, नको. एकच आहे तो."

"हलू नको. मधल्या तीन तारा मी धरते. कडेच्या तीन मोकळ्या. त्या तुझ्या."

"ऐकायला कसं वाटेल?"

"विचित्र. थोडे दिवस."

ती मास्क काढते. "पुढचा," ती दाराकडे बघून म्हणते.

"माझीपण दाढ दुखतेय," मी म्हणतो.

"खोटारडा." पण दिवा माझ्याकडे वळवते. "आ कर."

मी आ करतो.

डोळे उघडतात तेव्हा तोंड उघडंच आहे. पंखा तीनवर. स्वयंपाकघरात आई चहाचं आधण ठेवतेय. माझ्या मुठीत काळ्या रबराचे दोन तुकडे आहेत, कडा सरळ कापलेल्या. फेविक्विक टीव्हीखालच्या खणात आहे, मला माहीत आहे. मी उठत नाही. पडल्यापडल्या गाण्याची पहिली ओळ म्हणून बघतो, पार खाली, जिथे माझा आवाज राहतो.

"कोण आलंय रे?" आई आतून विचारते.

"कोणी नाही," मी म्हणतो. "मीच आहे."