दादाचा डावा कॉर्नर

रायपूरजवळच्या आमच्या बीरगावात सकाळी छत झाडलं की संध्याकाळपर्यंत पुन्हा काळं होतं. शेजारच्या उरला गावातल्या फॅक्टऱ्यांची धूळ! दादाच्या किश्श्यांचंही आता तसंच झालं आहे. भेटायला आलेला माणूस आधी डोळे पुसतो, चहा घेतो आणि मग हळूच म्हणतो, "पण तुमच्या मनोजने एकदा काय केलं माहीत आहे का?" तो उठतो न उठतो तोच दुसरा येतो. त्याच्याकडे वेगळाच किस्सा!

मनोज माझा सख्खा मोठा भाऊ. दिवाळीच्या आधी उरल्याच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं त्याला. त्यावर मी काही लिहिणार नाही. किस्से लिहितो.

*

दादा नववीत दोनदा नापास झाला आणि माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर येऊन बसला. मला लाज वाटली. त्याला काहीच नाही. "तुयी वाट पाहून राहिलो होतो बे!" म्हणाला.

त्याच वर्षी वर्मा सरांनी क्रिकेटची टीम निवडली. ज्यांच्या पायात बूट, ते आत. बाकीच्यांना सर म्हणाले, "तुम लोग उधर छाया में बैठो."

कडुनिंबाखाली आम्ही बसलो. पत्रा कापताना एक बोट गेलेला मुकेश. बोलताना अडखळणारा तिलक. ज्याच्याजवळ बसून कोणी डबा खात नसे तो संतोष. दादा, मी आणि आणखी दोघे. शाळेला नको असलेला सगळा माल एका झाडाखाली!

दादा उठला. "सर, छाया में सात जन हैं. कबड्डी में भी सात ही लगते हैं!"

सरांनी तोंडातली शिट्टी काढली. "और कप्तान कौन?"

सगळ्यांनी दादाकडे बोट दाखवलं. मुकेशने तर नसलेलं बोटही दाखवलं!

*

दादा डाव्या कॉर्नरला उभा राहायचा. म्हणजे आपल्या हद्दीच्या अगदी डाव्या टोकाला. रेड टाकायला, म्हणजे चढाईला, आलेल्या माणसाची टांग धरायचं काम त्याचं. शेजारी मी. माझा डावा हात त्याच्या उजव्या हातात. घरात आम्ही एका उशीवरून मारामारी करायचो, पण मैदानात त्याने माझा हात कधी सोडला नाही.

आमच्या मैदानात अंपायर नव्हता, धूळ होती. जमिनीला हात लागला की पंजा काळा, आणि पंजा कोणाला लागला की बनियनवर ठसा! खोटं बोलायची सोयच नाही. दादाने नियम केला होता, "लागलं की हात वर करायचा अन् गुमान बाहेर जायचं. भांडण नाही."

रात्री आमच्या आमच्यात झालेली मॅच आईला सकाळी कळायची, बनियन धुताना. "काल त्या चार बोटांच्या पोट्ट्यानं तुले तीनदा मारलं वाटते. टांग काहून नाही धरली?"

"आई, तूच अंपायर हो ना!" दादा म्हणायचा.

"आधी साबण आण!"

*

तिलकला दोन शब्द बोलायचे तर आमच्या अर्ध्या वर्गाला थांबावं लागे. हजेरीला "यस सर" म्हणेपर्यंत पुढच्या तिघांची नावं होऊन जात. पण रेडला गेला की "कबड्डी कबड्डी कबड्डी", एका दमात, पाण्याच्या धारेसारखं! कुठेच अडकत नसे. आम्ही तोंडं उघडी टाकून बघत राहायचो.

दादाने त्याला युक्ती शिकवली. बोलायचं असलं की आधी मनातल्या मनात रेड टाक. दुसऱ्या दिवशी तिलक किराणा दुकानात उभा राहून ओठांत पुटपुटला, "कबड्डी कबड्डी... आधा किलो शक्कर!"

दुकानदार गल्ला सोडून बाहेर आला. "हव बेटा! और बोल, और क्या दूँ?"

तिलकने घरात नको असलेली हळदही घेतली, नुसतं बोलायला मिळालं म्हणून!

*

राज्य नवीन झालं, आपलं रायपूर राजधानी झालं. शाळांच्या पाट्यांवर नव्या राज्याचं नाव रंगलं. शहरातल्या टूर्नामेंटसाठी सरांनी पेटी उघडली, तर जुन्या जर्सी निघाल्या. पाठीवर मोठ्या अक्षरांत जुन्या राज्याचं "म.प्र."!

सरांनी कपाळाला हात लावला. दादा म्हणाला, "उलटी पहन लेंगे सर."

मैदानात माइकवाल्याने सगळ्यांसमोर विचारलं, "बीरगांव वालों, जर्सी उल्टी क्यों है?"

दादा ओरडला, "भैया, राज नया है, कपड़ा वही है!"

पाहुण्यांच्या खुर्च्यांतून पहिली टाळी वाजली ती एका साहेबांची!

*

त्याच दिवशी सेमीफायनल. समोर शहरातली मोठी शाळा, बूट आणि गुडघ्याचे पॅड घातलेली पोरं. त्यांचा रेडर समीर, वाऱ्यासारखा! शेवटच्या रेडला स्कोअर बरोबरीत. समीर दादाजवळून गेला आणि परत फिरला. अंपायरने हात हलवला. टच नाही.

दादाने हात वर केला आणि बाहेर जाऊन बसला.

"अरे, मैंने आउट दिया ही नहीं!" अंपायर म्हणाला. पण दादा बसला होता. आम्ही एका पॉइंटने हरलो.

समीर धापा टाकत आला. "मेरे को ही पता नहीं चला कि लगा. तू क्यों गया?"

"लगा था," दादा म्हणाला आणि त्याच्याच बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं!

बसमध्ये मी त्याची जर्सी ओढली. तिथली माती चाळलेली, स्वच्छ. जर्सीवर काहीच नव्हतं. "कुठं आहे ठसा? दाखव!"

"ठसा नाही दिसला म्हणजे लागलं नाही का बे?" असं म्हणाला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला.

*

दादा गेला तेव्हा आईने अन्न सोडलं. बाबा सांगून थकले, मामी भंडाऱ्याहून आली, कोणाचंच चाललं नाही. मग तिलक आला. दारात उभा. ओठ हलत होते, आवाज नाही. मामी म्हणाली, "ह्या पोराले काय झालं?"

आईला कळलं. ती थांबून राहिली. तिलकने दम भरला. "काकी, खाना खा लो."

आई उठली. स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.

*

त्यानंतर या वर्षीची टूर्नामेंट आली. सर म्हणाले, "लेफ्ट कॉर्नर पे आठवीं का एक लड़का देता हूँ."

"नाही!" मी ओरडलो. सरांवर! "तो कॉर्नर रिकामा राहील. सहा खेळू."

"हारोगे. और इस बार हारे तो टीम बंद, प्रिंसिपल साहब बोल चुके हैं."

संतोषने माझी कॉलर धरली. "हरलो तर तुझ्यामुळे, बबलू. हमारे पास इसके अलावा है क्या?" तरी मी ऐकलं नाही. शेवटी त्यानेच कॉलर सोडली आणि म्हणाला, "चल."

सेमीफायनलला पुन्हा तीच शाळा. समीरने हात मिळवला, माझ्या मागे पाहिलं. "तेरा भैया?"

"नहीं रहा," मी म्हणालो.

मॅच अशी झाली की श्वास घ्यायला जागा नव्हती. तिलकने एका रेडमध्ये दोन मारले. शेवटच्या रेडला स्कोअर बरोबरीत, आमच्या हद्दीत फक्त मी आणि मुकेश. रेडला समीर.

तो सरळ रिकाम्या डाव्या कॉर्नरमध्ये शिरला. सवयीने माझा डावा हात तिकडे गेला आणि हवेत उघडाच राहिला. मुकेश उजव्या टोकाला, लांब. समीर माझ्यापासून वीतभर. नुसतं बोट लावायचं आणि परतायचं!

"कबड्डी, कबड्डी, क..."

दम तुटला. समीर जागेवर उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

अंपायर धावत आला. "क्या हुआ? किसी ने छुआ ही नहीं तेरे को!"

समीर खाली आपल्या घोट्याकडे पाहत होता.

"पकड़ा है, सर."

"किसने?"

त्याने रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "लेफ्ट कॉर्नर ने."