फळ्यांची भिंत आणि ट्रकचा जॅक

आमच्या घराची मधली भिंत मी दुरुस्त करायला घेतली आणि ती काकांच्या जेवणावर पडली.

रावेतमधलं ते घर पणजोबांनी बांधलेलं. गावात सगळ्यांच्या भिंती दगडमातीच्या, आमची मधली भिंत मात्र सागवानी. दोन बाजूंना खाचा पाडलेले जाड खांब आणि त्या खाचांत वरून एकावर एक सरकवलेल्या आडव्या फळ्या. सबंध भिंतीत एक खिळा नाही. वडील आणि काका यांच्या वाटण्या झाल्या त्या याच भिंतीवरून. अलीकडे आम्ही, पलीकडे काका. भिंत कुणाची एवढंच ठरलं नाही आणि तेवढ्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. (भिंत दोघांनाही नको होती. ती दुसऱ्याची आहे आणि तिची डागडुजी त्यानंच करावी, असं दोघांचंही म्हणणं होतं.) पुढं वडील गेले. भिंत पडायच्या आदल्या वर्षी काकू गेल्या. माझ्या वाट्याला अर्धं घर आणि अख्खा अबोला आला.

स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो होतो आणि जगातली कुठलीही वस्तू आपण दुरुस्त करू शकतो अशी माझी खात्री झाली होती. त्यातच भिंतीच्या सगळ्यात खालच्या फळीला वाळवी लागली.

“सुताराला बोलवा की,” माझी बायको इंदू म्हणाली.

“तो वरच्या सगळ्या फळ्या काढंल. एका फळीसाठी येवढा पसारा कशाला? मी फिटर हाय.”

“तिथं लोखंड असतंय.”

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मुंबई रस्त्यावर ट्रक दुरुस्त करणाऱ्या उस्मानभाईंकडे जॅक मागायला गेलो.

“कुठला ट्रक हाय, भाऊ?”

“ट्रक न्हाई. भिंत हाय.”

उस्मानभाईंनी जॅक दिला आणि सोबत स्वतःही आले. असली गोष्ट बघायला कुणीही आलं असतं.

रविवारी दुपारी मी भिंतीवरच्या तुळईला उभ्या वाशाचा टेकू दिला आणि वाशाखाली जॅक लावला. तुळई जराशी उचलायची, भार सुटला की खालची फळी हळूच ओढून काढायची, असा बेत.

“राव, बास करा,” उस्मानभाई म्हणाले.

“अजून एक बोट.”

त्या एका बोटात खांब जागचा सुटला. फळ्या खाचांतून निसटल्या आणि सगळी भिंत पलीकडे आडवी झाली. धूळ खाली बसली तेव्हा काका पाटावर बसलेले दिसले. फळीचं टोक त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर लांब. ताट फळीखाली.

कितीतरी वर्षांनी काका माझ्याशी बोलले. “मी वाचलो. भात न्हाई वाचला.”

उस्मानभाई हसायला लागले, मग मीही. इंदू हसली नाही. फळ्यांवरून चालत ती पलीकडे गेली आणि चुलीवरच्या पातेल्यात डोकावली. नुसता भात, तोही करपलेला. शेजारी मीठ.

“मामंजी, रोज ह्येच?”

“व्हय. ती गेल्यापासनं. भाकरी जमंना मला.”

वर्षभर आमच्या भाकरीचा वास त्या फळ्यांच्या फटींतून पलीकडे जात होता. मला हसू आलं होतं त्याची लाज वाटली.

त्या दिवसापासून काका आमच्यात जेवू लागले. वाळवी लागलेल्या फळीच्या जागी बसवायला मी सागवान आणायचो आणि इंदू त्यात खोट काढायची. एका फळीला गाठ, दुसरी ओली, तिसरीचा रंगच तिला आवडला नाही. मीही फार वाद घातला नाही. जेवणं झाली की काका माझ्या वडिलांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत. पवनेच्या डोहात दोघांनी मिळून बुडवलेली घागर, दोघांनी मिळून खाल्लेला मार. वडिलांच्या तोंडून मी यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता काका खाटेला लागले. एक दिवस मला म्हणाले, “भिंत हुबी कर.”

“ऱ्हाऊ द्या की, काका.”

“पोरीच्या डोईवरचा पदर दिसभर खाली येत न्हाई, माझ्यामुळं. उकाड्यात जीव जातो तिचा. आनि मला आता उठून बाहीर जाववत न्हाई.”

इंदूनं परोपरीनं सांगून पाहिलं. ते ऐकेनात.

शेवटी सुतार आला. काका खाटेवरून सूचना देत होते. मला म्हणाले, “तू फकस्त धर. इचार करू नगंस.” एकेक फळी वरून सरकत खाली बसत गेली. खाटेच्या उंचीच्या जरा वर भिंत आली तेव्हा त्यांनी सुताराला थांबवलं.

“हितं फळी नगं. दोन्ही खाचांत ठोकळं ठेव. इंदू ताट कुठनं देनार?”

त्या फटीतून ताट महिनाभरही गेलं नाही. थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी इंदूनं चहाचा पेला पुढं केला आणि पलीकडून तो कुणी घेतला नाही. बराच वेळ तिनं हात मागं घेतला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जुन्या घरांचा अभ्यास करणारे एक गृहस्थ पुण्याहून आले. खांब चाचपले, बिनखिळ्याच्या भिंतीचं तोंडभर कौतुक केलं. मग फटीपाशी थांबले.

“दुरुस्ती कुणी केली?”

“मीच.”

“एक फळी बसवायची राहिली आहे तुमची.”

इंदू आत गेली.

“व्हय,” मी म्हणालो, “आमचं काम असंच अर्धवट असतंय.”